धरणं, सडे आणि रानवाटा: गोव्यात ग्रॅव्हल सायकलिंग सुरू करताना

गोव्यात मातीचा एकही रस्ता बिनमालकाचा नाही. उपग्रहाच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यातून जाणारी तांबडी रेघ दिसली की नवख्याला वाटतं, चला, मोकळी वाट सापडली. पण ती रेघ कुणीतरी, कशासाठी तरी पाडलेली असते. कालव्याची देखभाल करायला जलस्रोत खात्यानं, खनिज बाहेर काढायला खाणवाल्यांनी, काजू-सुपारी घरी आणायला बागायतदारांनी, गस्त घालायला वनखात्यानं. रस्ता कुणाचा हे एकदा कळलं की तो कधी मोकळा असतो, कुठं संपतो, त्यावर काय भेटेल आणि कुणाला विचारायचं, हे सगळं उलगडत जातं. इथं ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे माती-खडीच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवणं, शिकायचं तर सायकलच्या आधी हे शिकावं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी रस्ता ओळखा

नवख्यांसाठी कालव्याकाठच्या वाटा सगळ्यात चांगल्या. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे, पण त्याचे कालवे पेडणे, डिचोली आणि बार्देशात पसरलेत. पाणी आपल्या आपण वाहत राहावं म्हणून कालवा डोंगराच्या अंगानं जवळजवळ एकाच पातळीवर काढलेला असतो. त्याच्या कडेची देखभालीची मुरमाड वाटही त्यामुळे सपाट राहते. दम न लागता मातीवर सायकल कशी वागते हे समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही. फक्त काठापासून दोन हात लांब राहा. कालव्याच्या भिंती तिरक्या, काँक्रीटच्या आणि पाण्याजवळ शेवाळलेल्या असतात. आत पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर चढणं जड जातं. मध्येच फाटक लागलं आणि ते बंद असलं तर परत फिरायचं. बहुतेक वेळा पुढं दुरुस्ती चालू असते.

खाणींचे रस्ते रुंद आणि दणकट असतात. भरलेले ट्रक चढावेत म्हणून आखलेले असल्यामुळे त्यांचे चढ लांबलचक, पण फारसे उभे नसतात. डिचोली, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांत असे रस्ते पुष्कळ आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधल्या काळात काही चालू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. तेव्हापासून हे रस्ते ओस पडले आणि सायकलवाल्यांना सवय लागली. आता लिलावानंतर काही भागांत खनिज वाहतूक पुन्हा सुरू झाली आहे. म्हणजे जुन्या राईडचा नकाशा हाती असला तरी या मोसमात तिथं ट्रक धावतात का, ते जवळच्या टपरीवर विचारूनच आत शिरा. खाणीच्या हद्दीत मात्र कधीच जाऊ नका. सोडून दिलेल्या खंदकांत निळंहिरवं पाणी साठतं, फोटोत सुंदर दिसतं, पण काठ ढासळता असतो आणि खोलीचा अंदाज येत नाही.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. वर सायकल चालवायला मजा येते, चहूबाजूंनी नजर मोकळी फिरते. इथला धोका वेगळा आहे, आणि बाहेरून येणाऱ्यांना तो माहीत नसतो. चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभे दगड, काढण्यासाठी खणलेल्या चिरेखाणी सड्यावर जागोजागी आहेत. चौकोनी, उभ्या भिंतींच्या, बऱ्याचशा कुंपणाविना. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढलेलं असताना दहा पावलांवरूनही खाण दिसत नाही. सड्यावर मळलेली वाट सोडून गवतात सायकल घालायची नाही, मग कितीही जवळचा रस्ता वाटो.

कुळागरं, म्हणजे घरालगतच्या सुपारीच्या बागा, आणि काजूच्या बागांतून जाणाऱ्या वाटा सगळ्यात देखण्या. सुपारी, नारळ, केळी, मिरीचे वेल, मधून वाहणारा पाट. पण ही वाट हमखास कुणाच्या तरी अंगणात संपते. माणूस दिसला की थांबा, हेल्मेट काढा आणि विचारा. ‘काका, ही वाट फुडें खंय वता?’ (ही वाट पुढं कुठं जाते?) एवढी कोंकणी पुरते. मराठीत विचारलंत तरी सत्तरीत, डिचोलीत, पेडण्यात कुणालाही अडचण येत नाही. काका नुसती वाट सांगून थांबत नाहीत. पुढच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाणी किती आहे, कुणाचा कुत्रा सोडलेला असतो, पलीकडच्या बागेला झटक्याचं कुंपण कुठं आहे, हेही सांगतात. गवे आणि रानडुकरं अडवायला सौर कुंपण घालणारे बागायतदार आता बरेच आहेत. सायकल उचलून तारेवरून टाकायच्या भानगडीत पडू नका. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम, तेव्हा बागेत बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करणारी माणसं असतात. जमिनीवर पडलेलं बोंडूसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नये. तो त्यांच्या वर्षाच्या कमाईचा भाग असतो.

वनखात्याच्या वाटांचं पुढं सांगतो, कारण तिथं नियम कायद्याचे आहेत.

सायकल कोणती आणि तिची तयारी

पहिल्या मोसमासाठी नवी ग्रॅव्हल बाईक घ्यायची गरज नाही. घरात हायब्रिड (रस्त्याची सायकल आणि माउंटन बाईक यांच्या मधली) असेल आणि तिच्या फ्रेममध्ये ३८ ते ४० मिलिमीटरचा टायर मावत असेल तर टायर तेवढे बदला. साधी माउंटन बाईक असेल तर तीही चालते. डांबरावर थोडी जड वाटेल, एवढंच. ग्रॅव्हल बाईक घेणारच असाल तर ४० ते ४५ मिलिमीटर टायर, डिस्क ब्रेक आणि हलके गिअर या तीन गोष्टी पाहा. बाकी वजन, रंग, कार्बन-अॅल्युमिनियम यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

गिअरचं थोडं जास्त सांगायला हवं. गोव्याचे डोंगर उंचीनं मोठे नाहीत, पण गावातले चढ आखूड आणि उभे आहेत. पुढच्या चकतीला जितके दात आहेत निदान तितके तरी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला हवेत. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा किंवा त्याहून कमी. डांबरावर उभं राहून चढ मारता येतो. सुट्या खडीवर उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार सुटतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि सायकल थांबते. बसून चढायचं असेल तर हलका गिअर लागतोच.

टायर ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेला, असेल तर फार बरं. बांबूच्या बेटांखालून जाताना काटे हमखास लागतात आणि टायरमध्ये ओतलेलं पातळ सीलंट बहुतेक छिद्रं जागच्या जागी बुजवतं. इथल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा. वजन सत्तर किलोच्या आसपास असेल तर ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढं ३० आणि मागं ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर चाळीसच्या आसपास ठेवा, नाहीतर दगडावर आपटून रिमखाली ट्यूब चेपते आणि फाटते. नवखे लोक रस्त्याच्या सवयीनं साठ-सत्तर हवा भरून येतात आणि मग हात बधिर झाले म्हणून तक्रार करतात. मातीवर हवा कमी असणं म्हणजे आराम आणि पकड दोन्ही.

सोबत काय न्यायचं: एक सुटी ट्यूब (ट्यूबलेस असलात तरी), टायर लिव्हर, पंप, ट्यूबलेसचे प्लग, चेन जोडायची मास्टर लिंक, मल्टिटूल आणि आपल्याच सायकलचा डेरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि सांग्यात किंवा वाळपईत दुकानात मिळणार नाही. पाणी दोन लिटर. जंगलपट्ट्यात शिरायच्या आधीचं शेवटचं दुकान म्हणजे वाळपई, मोले, नेत्रावळी अशी ठिकाणं. तिथं बाटल्या भरल्याशिवाय पुढं जाऊ नका. नेत्रावळी, खोतीगाव आणि सत्तरीच्या आतल्या भागांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा घरूनच डाउनलोड करा आणि कुठून निघून कधी परतणार हे घरी सांगून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२. पण हे नंबर रेंज असेल तरच लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी जंगलात एकट्यानं जाऊ नये. तिघं असले तर उत्तम. एक जण पडला तर दुसरा त्याच्यापाशी थांबतो आणि तिसरा मदतीला जातो.

मोसम आणि वेळ

जून ते सप्टेंबर मातीच्या वाटा विसरा. जांभ्याची माती ओली झाली की चाकाला थापून बसते, फ्रेम आणि टायर यांच्यात अडकते आणि चाक फिरायचंच थांबतं. डांबरी रस्त्यांवरही झाडाखाली शेवाळ धरतं. व्हाळ तासाभरात चढतात. डोंगरावर पाऊस पडतो आणि तुम्ही उभे असता तिथं ऊन असतं, तरी पाणी येतं. ऑक्टोबरात गवत फार आणि उकाडाही फार. खरा मोसम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्चनंतर जायचं तर सकाळी दहाच्या आत घरी.

निघायच्या वेळेबद्दल दोन सल्ले एकमेकांविरुद्ध जातात. ऊन टाळायचं तर पहाटे निघावं, पण पहाट आणि तिन्हीसांज ही गव्यांची आणि बिबट्यांची फिरायची वेळ. यातून मार्ग असा: घरून किंवा स्टेशनवरून पहाटे निघा, पहिला तास गावातल्या डांबरी रस्त्यावर काढा, वाटेत पाव-भाजी आणि चहा घ्या, आणि रानाच्या तोंडाशी आठच्या सुमारास पोचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दरीतलं धुकं विरायला आणखी वेळ लागतो. दुपारी एकच्या आत रानातून बाहेर. न्याहारी चुकवू नका. गोव्याच्या खेड्यातल्या हॉटेलात सकाळी मिळणारी पातळ भाजी, दोन पाव आणि एक मिरची भजं यावर चार तास सायकल चालते, हे माझं आवडतं इंधन.

पहिली राईड: आमठाणे

थिवी स्टेशनवर उतरा किंवा म्हापशाहून या. अस्नोड्यावरून डिचोली तालुक्यात शिरलं की आमठाण्याचं धरण जवळच आहे. छोटा जलाशय, भोवती काजू आणि झाडोरा. तिळारीच्या कालव्याचं पाणी इथं येतं आणि पुढं अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला जातं, म्हणजे बार्देशाच्या नळाला येणारं पाणी तुम्ही उगमाकडून पाहता. धरणापाशी थांबून, कालव्याकाठचे मोकळे तुकडे धरत, मुळगावमार्गे डिचोलीत उतरायचं. मये तलावावर वळसा घालून परत. सगळं मिळून तीस-पस्तीस किलोमीटर, त्यातला कच्चा रस्ता फार तर एक तृतीयांश. नवख्याला तेवढा पुरे.

धरणात उतरायचं नाही. पिण्याचं पाणी आहे हे एक कारण. दुसरं कारण मगर. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी पर्यटकांना ठाऊक असतात, पण गोड्या पाण्याच्या तळ्यांतून आणि जलाशयांतूनही मगर आहे.

उतार कसा उतरायचा

या राईडवर एकच गोष्ट शिकून घ्या: उतार. गोव्यातले बहुतेक अपघात चढावर नाही, उतारावर होतात, आणि त्याचं कारण जांभ्याची खडी. जांभा झिजून त्याचे गोल, कडक, तांबडे खडे होतात. ते रस्त्याच्या टणक तळावर सुटे पडलेले असतात आणि त्यांवर चाक गेलं की फरशीवर सांडलेल्या वाटाण्यांवर पाय पडावा तसं होतं. वाळूत चाक रुततं, इथं ते सरकतं.

उपाय असा. उतार सुरू होण्याच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच वेग कमी करा. सीटवरून किंचित उठा, दोन्ही पेडल एका पातळीवर आणा, कोपर आणि गुडघे सैल, बूड थोडं मागं. हँडल घट्ट आवळू नका, सायकलला हाताखाली हलू द्या. पुढचा ब्रेक हलक्या हातानं दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणावर तर पुढच्या ब्रेकला हातच लावू नका. मागचं चाक थोडं सरकलं तर घाबरू नका, ते पुन्हा ओळीवर येतं. पुढचं सरकलं की माणूस पडलाच. नजर चाकासमोरच्या दगडावर नको, दहा-पंधरा मीटर पुढं हवी, कारण जिथं पाहाल तिथंच सायकल जाते. वाहनांच्या चाकांनी दोन ओळी साफ झालेल्या असतात. त्यातली एक धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. मधल्या उंचवट्यावर सगळी सुटी खडी साठलेली असते, ओळ बदलायची म्हणजे ती ओलांडायची. बदलावीच लागली तर वेग चालण्याइतका करून, सायकल सरळ ठेवून बदला.

एकाच उतारावर चार-पाच वेळा वर-खाली करा. कंटाळवाणं वाटेल, पण लांब राईडवर गेल्यावर त्याची किंमत कळते.

व्हाळ ओलांडताना सायकलवरून उतरलात तर कुणी कमी लेखणार नाही. पाण्याखालचा गोल दगड शेवाळलेला असतो. पाणी घोट्याच्या वर असेल तर सायकल उजव्या खांद्यावर, गिअरची बाजू अंगापासून लांब, आणि डावा हात मोकळा.

साळावलीची फेरी

मला विचाराल तर गोव्यातली सगळ्यात पूर्ण राईड हीच. सुरुवात कुडचडे स्टेशनवरून. सांगे दहाएक किलोमीटर, आणि सांग्याहून धरण आणखी पाच-सहा. पहिला टप्पा सगळा डांबरी आणि सोपा.

साळावली हे गोव्यातलं सगळ्यात मोठं धरण, साठवण सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर. दक्षिण गोव्याच्या बहुतेक घरांत याचंच पाणी येतं. त्याचा सांडवा पाहण्यासारखा आहे. बदकाच्या चोचीच्या आकाराची काँक्रीटची कड, आणि पावसाळ्यात धरण भरलं की तिन्ही बाजूंनी पाणी आतल्या पोकळीत कोसळतं. तुम्ही हिवाळ्यात जाल तेव्हा बहुधा हा सोहळा संपलेला असेल, पण रचना स्पष्ट दिसते. जवळच कुर्डीचं महादेवाचं देऊळ आहे. ते मूळचं इथलं नाही. धरणात जाणाऱ्या कुर्डी गावातून दगड न् दगड सोडवून इथं पुन्हा उभारलंय. तिथं दहा मिनिटं बसा, कारण पुढची सगळी राईड त्याच गावाच्या कडेनं आहे.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर या गावच्या. ऐंशीच्या दशकात गाव पाण्याखाली गेलं आणि लोक वाडे, वाळकिणी इथल्या वसाहतींत आले. धरणावरून पुढं तुम्ही याच वसाहतींच्या भागातून जाता. इथं जलाशयाकडे उतरणाऱ्या मातीच्या वाटा फुटतात आणि ग्रॅव्हल टायरचं खरं काम सुरू होतं. एखाद-दुसरी वाट पाण्यापर्यंत जाऊन पाहा, पण जिथं माती ओलसर दिसेल तिथं थांबा. वरचा पापुद्रा सुकून तडकलेला असतो, खाली गाळ असतो, आणि चाक अर्धं आत जातं.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरलं की कुर्डीचे चौथरे, विहिरी, रस्त्यांच्या खुणा वर येतात आणि मेमध्ये मूळ गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला येतात. त्या दिवसांत जायचं असेल तर सायकल लांब ठेवून पायी फिरा. ज्या चौथऱ्यावरून उडी मारायचा मोह होतो तो कुणाच्या तरी आजीच्या घराचा आहे, आणि ती आजी कदाचित तिथंच उभी असेल.

पुढं नेत्रावळी. सांग्याहून हे अंतर वीसेक किलोमीटर धरा, वाटेतले फाटे वेगळे. रस्ता अरुंद, चढ-उताराचा, दोन्ही बाजूंना रान दाटत जाणारं. गावात गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी आहे. तळातून सतत बुडबुडे वर येत राहतात. पायऱ्यांवर बसून जेवण उरकायला सावली चांगली आहे, मात्र कचरा पाठपिशवीत परत न्या. सावरी आणि मैनापी हे धबधबे इथून आत, अभयारण्यात आहेत. पहिल्या फेरीत ते राहू द्या. पाय थकलेले असताना जंगलाच्या वाटेवर भर टाकू नये.

परतीला नेत्रावळीहून रिवणचा रस्ता धरा. हा खाणपट्टा, तांबडी धूळ उडते, ट्रकांची चौकशी इथं करायचीच. रिवणच्या परिसरात कुशावतीच्या काठी पणसाईमळला, म्हणजे उसगाळीमळला, कातळशिल्पं आहेत. बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी गोल आकृती, सगळं जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेलं. ती पायाखालीच असतात. उभ्या भिंतीवर शोधत राहाल तर सायकल त्यांच्यावरूनच जाईल. म्हणून नदीजवळचा फलक दिसला की उतरा आणि सायकल झाडाला टेकवून ठेवा. सकाळी किंवा दुपार कलल्यावर तिरप्या उन्हात रेषा ठळक दिसतात. तिथून जांबावलीच्या दामोदराला नमस्कार करून कुडचडे. फेरी साठ किलोमीटरच्या आसपास भरते. आमठाण्यानंतर लगेच नाही, पण महिना-दीड महिना आठवड्याच्या शेवटी नेमानं चालवलंत तर सहज जमेल.

अभयारण्यात शिरताना

गोव्याच्या पूर्वेकडे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत संरक्षित जंगलाची जवळजवळ अखंड पट्टी आहे: म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. गावांना जोडणारे सार्वजनिक रस्ते अभयारण्यातून जातात, त्यावरून जायला हरकत नसते. त्या रस्त्यावरून फुटणारी वनखात्याची मातीची वाट म्हणजे वेगळी गोष्ट. फाटकावर थांबा, शुल्क भरा, सायकल आत न्यायला चालेल का हे विचारा. नाही म्हणाले तर नाही. वाद घालू नका. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात वणवे पेटले होते, तशा दिवसांत सगळ्यांनाच बंदी होते आणि ती योग्यच आहे.

गवा दिसला तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, कारण दिसतोच. थांबा. घंटी वाजवू नका, ओरडू नका, फोन काढू नका. पाय जमिनीवर टेकवून सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवा आणि हळूहळू मागं सरका. कळप असेल तर सगळे रस्ता ओलांडून जाईपर्यंत वाट पाहा. शेवटचा पलीकडे गेला असं वाटलं तरी आणखी थोडं थांबा, वासरू मागं राहिलेलं असतं. एकटा नर रस्त्यात उभा असेल तर तो हलण्याची वाट न पाहता परत फिरलेलं बरं. तिळारीच्या बाजूला रानहत्तींचा वावर आहे. तिकडे जायच्या दिवशी गावात चौकशी केल्याशिवाय कच्च्या वाटेला लागू नका.

पुढचे मार्ग

कुळे स्टेशनवरून मोले, तिथून तांबडी सुर्ला. मोल्याहून देऊळ दहा-बारा किलोमीटर. कदंबकालीन, काळ्या दगडाचं, दाट रानात. रस्ता बहुतेक डांबरी पण सावलीचा आणि शांत. तिथून नगरगाव, ब्रह्मकरमळीचं ब्रह्मदेवाचं देऊळ आणि वाळपई, असा सत्तरीत उतरणारा मार्ग लांब पल्ल्याची गोडी लावतो. दूधसागरची जीपवाट सायकलसाठी धरू नका. मोसमात जीपगाड्यांची रांग असते, नदी ओलांडावी लागते आणि परवानगी वेगळी. रेल्वेच्या रुळांवरून चालत जाणं तर बेकायदाच.

काणकोणात चावडी या गावापासून चापोलीचं धरण सात-आठ किलोमीटरवर आहे. लहान, डोंगरांनी वेढलेलं, अर्ध्या दिवसाचं. त्याला जोडून दुसऱ्या दिवशी खोतीगाव अभयारण्यातला कुसके गावापर्यंतचा रस्ता. फाटकापासून आत गर्दी नसते. माझ्या मते नवरा-बायको किंवा आई-मुलगा अशा जोडीनं जायचं असेल तर काणकोणच निवडावं, वाहनं कमी आणि रेल्वे स्टेशन जवळ.

केरीचं अंजुणे धरण आणि त्यावरून चढणारा चोर्ला घाट दुसऱ्या मोसमासाठी ठेवा. घाट डांबरी आहे, पण बेळगावची वाहतूक आहे, कठडे जागोजागी तुटलेले आहेत. धरणापर्यंत जाऊन परत येणं मात्र पहिल्या वर्षीही छान. साखळीहून सकाळी निघालात तर न्याहारीच्या वेळी पाण्याच्या काठी पोचता.

घरी परतल्यावर

तांबडी धूळ चेनच्या तेलात मिसळली की तिचा सॅंडपेपर होतो. त्याच दिवशी चेन कोरड्या फडक्यानं पुसा, घासून धुवा, पूर्ण सुकू द्या, मगच तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर, आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. कोरड्या मोसमात जाड तेल नको, ते धूळ ओढतं. ब्रेकच्या पॅडची जाडी पाहा.

सायकलच्या आधी स्वतःला तपासा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि डिसेंबर ते मे, म्हणजे नेमक्या आपल्या मोसमात, त्याचा जोर असतो. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास झालाय. रानात पालापाचोळ्यावर बसू नका, लांब मोजे घाला, पायांना गोचिडी दूर ठेवणारं मलम किंवा तेल लावा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा, आणि गुडघ्यामागं, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागं नीट पाहा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, जाळू नका. पुढच्या दोन आठवड्यांत एकाएकी ताप चढला, डोकं आणि अंग ठणकायला लागलं तर घरगुती गोळ्यांवर दिवस काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि कोणत्या रानात, कोणत्या दिवशी गेला होता, ते डॉक्टरांना आधी सांगा.